डुकराला घाम येत नाही: एका शेडच्या उन्हाळी नोंदी

८ एप्रिल

काम एका ओळीत सांगायचं तर, दाजींच्या वराहपालन शेडमधला दुपारचा ताप कमी करायचा, आणि तोही वीज नसताना चालेल अशा रीतीनं. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. शेड पूर्व-पश्चिम बांधलेली आहे, ही जमेची बाजू. छपराला साधे पत्रे आहेत, ही खर्चाची. दोन्ही बाजूंना कमरेएवढी भिंत, वर जाळी आणि गरम वारा आला की सोडायचे ताडपत्रीचे पडदे. जनावरं लार्ज व्हाइट यॉर्कशायर. दूध पाजणाऱ्या माद्या एका बाजूच्या खणांत, वाढती पिल्लं दुसऱ्या बाजूला, नर टोकाला एकटा.

दाजींची तक्रार अशी की मार्च संपला की माद्या खाद्य अर्धं टाकतात, दूध आटतं, पिल्लं मागं राहतात. यात नवल काही नाही. दूध पाजणाऱ्या मादीला हवा २० अंशांच्या आसपास लागते, २५ च्या वर गेली की ती खाणं कमी करते, कारण खाल्लेलं पचवायलाही अंगात उष्णताच तयार होते. इथं शेडमध्ये दुपारी ४१ आहे.

आज फक्त बघितलं आणि मोजलं. अडीचच्या सुमाराला सात नंबरची मादी आडवी, चारी पाय लांब सोडून, तोंड किंचित उघडं. कुशीची हालचाल बघून मिनिटाला ८४ श्वास. पहाटे हीच २६ वर होती. वाढत्या पिल्लांनी आपली कोरडी झोपायची जागा सोडून हगण्या-मुतण्याच्या ओल्या कोपऱ्यात अंग टाकलेलं. गार हवेत हीच जनावरं झोपायची जागा आणि घाणीची जागा कटाक्षानं वेगळी ठेवतात. लोक डुकराला घाणेरडं म्हणतात, पण त्या कोपऱ्यात जाऊन पडायची पाळी त्याच्यावर कोण आणतं, हे बघितलं पाहिजे.

११ एप्रिल

दाजींना एक गोष्ट पटवणं भाग होतं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डुकराला घाम येत नाही. निदान अंग गार होईल असा तर नाहीच.

मेडिकलमधून टिंचर आयोडीन आणलं, घरातून कॉर्नफ्लोअर. माझ्या हातावर आणि सात नंबरच्या खांद्यावर आयोडीनचा पट्टा ओढला, वाळू दिला, वर पीठ भुरभुरलं. घाम आला की पिठातला स्टार्च आणि आयोडीन भेटतात आणि निळे-काळे ठिपके उठतात. माझ्या हातावर बघता बघता ठिपक्यांची रांगोळी झाली. मादी माझ्यापेक्षा जास्त तापलेली होती, धापा टाकत होती, आणि तिच्या खांद्यावरचं पीठ पांढरं ते पांढरंच.

दाजी मुरलेले शेतकरी, असे सोडणार थोडेच. "पाव्हणं, घामच येत नाही म्हणता, मग पुढच्या पायाला आतनं वल्लं असतंय ते काय?" बरोबर पकडलं. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला छोट्या छिद्रांची ओळ असते, तिथं ग्रंथी असतात. पण त्या वासाच्या खुणा सोडायला. नाकाच्या चकतीवरही ग्रंथी असतात, म्हणून ती कायम ओलसर. बाकी सगळ्या अंगावर केसांच्या मुळाशी घामाच्या एका जातीच्या ग्रंथी असतात, पण उकडलं म्हणून त्या कामाला लागत नाहीत. कातडीतून आपोआप झिरपून उडणारं पाणी तासाला चौरस मीटरमागं २०-३० ग्रॅम, उकाडा असला तरी फार वाढत नाही. तापलेला माणूस काम करताना तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, म्हणजे तेवढ्याच कातडीतून ५०० ग्रॅमच्या वर.

घोडा घामेजतो, गाय घामेजते, म्हशीला ग्रंथी कमी म्हणून ती डबक्यात डुंबते. डुक्कर म्हशीच्याही पलीकडं गेलेलं. त्यात कातडीखाली चरबीचा थर, आणि अंगाच्या मानानं फुप्फुसं लहान, त्यामुळं धापा टाकूनही कुत्र्याइतकं भागत नाही.

१४ एप्रिल

आज कागदावरचं काम. हा हिशेब मी शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवला आहे.

१ लिटर पाणी २८ अंशांवरून कातडीच्या ३५ अंशांपर्यंत तापताना अंगातून सुमारे ३० किलोज्यूल उष्णता घेतं. तेच लिटर कातडीवरून वाफ होऊन उडालं तर सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातं. ऐंशी पट.

म्हणजे पाणी गार असण्याला फारशी किंमत नाही. ते अंगावरून उडण्याला आहे. मोरीत वाहून गेलेलं पाणी ऐंशीतला एक भाग काम करून गेलं.

पुढं, १०० किलोचं डुक्कर बसल्या जागी साधारण २०० वॅट उष्णता तयार करतं. तासाला ७२० किलोज्यूल. ती सगळी वाफेनं काढायची तर तासाला ३०० मिलिलिटर पाणी उडालं पाहिजे. हवा अंगापेक्षा तापलेली असली की बाहेरूनही उष्णता आत शिरते, म्हणून दुप्पट धरू. तरी अर्धा-पाऊण लिटर. दाजी दुपारी नळी घेऊन एकेका जनावरावर बादलीभर ओततात.

दाजींचं म्हणणं, "पाणी मारायला काय लागतंय? नळी घ्या अन् मारा." मारायला काही लागत नाही, खरं आहे. बोअरचं पाणी मे महिन्यात किती उरतं, ते त्यांनाच विचारलं.

१६ एप्रिल

चिखलाबद्दल थोडं वाचलं, कारण दाजींच्या वडिलांनी विचारलं होतं की रानडुकरासारखा एक खड्डाच का करून देत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. रानडुक्कर पाणवठ्याच्या काठाला लोळतं आणि जवळच्या झाडाच्या बुंध्याला अंग घासून जातं, बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर मातीचा थर दिसतो.

इंग्लंडमध्ये इंग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञानं १९६५ मध्ये डुकराच्या अंगावरून पाणी किती वेगानं उडतं ते मोजलं होतं. नुसतं पाणी लावलं तर ते लवकर उडून संपतं. चिखल लावला तर त्यातलं पाणी बराच जास्त वेळ उडत राहतं, म्हणजे एकदा लोळलं की गारवा टिकतो. शिवाय गोऱ्या कातडीच्या डुकराला ऊन भाजतं, आणि चिखलाचा लेप तेही अडवतो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या मार्क ब्राके यांनी २०११ मध्ये लोळण्यावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातला मुद्दा मला फार आवडला. घाम नाही म्हणून डुक्कर लोळायला लागलं असं आपण धरून चालतो. उलटही असू शकतं: पूर्वज पाण्या-चिखलाच्या आसऱ्यानं राहत होते, लोळून काम भागत होतं, म्हणून घामाची यंत्रणा राखायची गरजच पडली नाही.

म्हणजे ज्याला आपण डुकराची खोड म्हणतो तो त्याचा अर्धा देह आहे, आणि सिमेंटच्या खणात आपण तोच काढून घेतला आहे.

तरी खड्डा करायचा नाही असं ठरलं. साठलेल्या चिखलात जंत आणि लेप्टोस्पायरासारखे रोगजंतू राहतात, दूध पिणारी पिल्लं त्यात जाणार, आणि खड्डा रोज बदलायला माणूस नाही. म्हाताऱ्यांना हे पटलेलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. वाढत्या डुकरांसाठी बाहेर, छताखाली, उथळ पाणी असलेला सिमेंटचा हौद करता येईल, पण तो पुढच्या वर्षीचा खर्च.

२० एप्रिल

आधी छप्पर. पाणी उडवून गारवा आणायच्या आधी वरून येणारी आग थांबवली नाही तर सगळं वाया. अर्ध्या पत्र्यांना चुना आणि फेविकॉल कालवून पांढरा हात दिला. उरलेल्या अर्ध्यावर उसाचं पाचट अंथरलं, वर जाळी बांधली. दाजींनी दोन्ही करून बघायचं ठरवलं ते बरं केलं.

दुपारी पत्र्याच्या आतल्या बाजूला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: उघडा पत्रा ६१, चुन्याचा ४७, पाचटाखालचा ४२. पाचट जिंकलं, पण त्याला ठिणगीची भीती, आणि शेजारच्या रानात पाचट पेटवायची चाल अजून गेलेली नाही. म्हणून मधे चार हात जागा सोडली, आणि पाण्याची टाकी त्या टोकाला ठेवली. पश्चिमेकडून चारनंतर येणारं ऊन शेडनेटनं अडवलं.

२४ एप्रिल

दाजींनी तालुक्याच्या दुकानातून फॉगरचा, म्हणजे हवेत बारीक धुकं फवारणाऱ्या तोट्यांचा, संच आणला. दुकानदारानं "एसीसारखं होतंय" म्हणून सांगितलं. आणलाच आहे तर तपासू.

दोन थर्मामीटर शेजारी टांगले. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमलची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. ओल्या थर्मामीटरचा आकडा म्हणजे ओलं अंग या हवेत जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल त्याची तळाची हद्द. डिजिटल आर्द्रता-सेन्सर आहेत, पण शेडमधल्या अमोनियात ते फार टिकतील असं मला वाटत नाही.

फॉगर सुरू करताना साधा ४१, ओला २३. गरम वारा नको म्हणून पडदे खाली. वीस मिनिटांनी साधा ३५, ओला २४. पाऊण तासानं साधा ३४, ओला २५.

साध्याकडं बघितलं तर फॉगरवाला खरं बोलला. पण ओल्याकडं बघा. धुक्याचे थेंब हवेतच उडतात, हवा गार होते आणि त्याच मापानं दमट होते. ओल्याचा आकडा त्यानं खाली येतच नाही. वर बंद पडद्यांत इतक्या जनावरांच्या श्वासाची वाफ आणि अंगाची उष्णता साठते, म्हणून तो उलट चढतो. थेंब इतके बारीक की केसांच्या टोकांवर दवासारखे बसले, कातडी कोरडीच. सात नंबरचे श्वास ८० वरून ७१ वर आले. अगदीच फुकट नाही, पण एवढ्या पंपाला आणि एवढ्या विजेला ही मिळकत कमी.

नागपूरचा कूलर कोकणात नेऊन लावला तर जे होतं, ते इथं आम्ही पडदे ओढून घरच्या घरी केलं.

पडदे वर केले. गरम का होईना, वारा पाहिजे.

२ मे

आता खरी मांडणी. ठिबकचं सामान इथं गावात कुठंही मिळतं, हा या भागाचा मोठा फायदा. पाचशे लिटरची टाकी आठ फुटांवर चढवली, म्हणजे लाइट नसली तरी पाणी उतरतं. टाकीखाली जाळीचा फिल्टर. पुढं १२ व्होल्टचा, कमी दाबावर उघडणारा सोलेनॉइड (विजेनं उघडझाप होणारा) व्हॉल्व्ह, मोटारसायकलच्या बॅटरीवर, आणि एक साधा चक्री टायमर. शेतीची थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, म्हणून विजेवर भरवसा ठेवायचाच नाही.

वाढत्या डुकरांच्या खणात मोठ्या थेंबांचे तुषार, दीड मिनिट चालू. अंग नीट भिजलं पाहिजे, पण ओघळ जमिनीवर धावायच्या आत थांबलं पाहिजे. एका जनावराला साधारण ३०० मिलिलिटर बसेल असं तोट्यांचं माप. त्यानंतर बंद, अंग वाळेपर्यंत. वाळायला किती वेळ लागतो ते टायमरनं नाही, डोळ्यांनी ठरवलं: छताचा पंखा चालू असेल तर वीस मिनिटांच्या आत, बंद असेल तर अर्धा तास आणि वर. म्हणून बंदचा वेळ सध्या २० मिनिटं.

दाजींना हा बंदचा वेळ बघवत नाही. "उकडतंय त्यास्नी, अन् तुम्ही पाणी तोडलं व्हय!" पण काम त्या बंदच्या वेळातच होतं. माणसाचा घामसुद्धा कपाळावर राहून गार करत नाही, उडून करतो. इथं घाम आम्ही नळातून देतोय, उडवायचं काम हवेचं.

३ मे

दूध पाजणाऱ्या माद्यांचा खण ही सगळ्यात अवघड जागा. एकाच सहा बाय सात फुटांत दोन हवामानं पाहिजेत. मादीला २० अंश, आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३५.

पिल्लाची अडचण उलटी, आणि तीही वंशातूनच आलेली. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या बाळांच्या अंगात तपकिरी चरबी असते, थंडीत ती जळून ऊब देते. त्यासाठी लागणारा जनुक डुकराच्या वंशात सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच निकामी झाला. स्वीडनच्या संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवलं. पिल्लाला कुडकुडण्यापलीकडं उपाय नाही, म्हणूनच रानडुकरीण विण्याआधी गवताचं घरटं करते. म्हणजे बारकेपणी ऊब करता येत नाही आणि मोठेपणी गारवा करता येत नाही. असं जनावर माणसानं जगभर पाळलंय.

तर तुषार इथं बाद, पिल्लं भिजतील. मादीच्या मानेच्या मागं, दोन्ही खांद्यांच्या मध्ये थेंब पडेल असा एकेक ड्रिपर टांगला, ताशी ८ लिटरचा. २ मिनिटं चालू, १३ मिनिटं बंद. कास कोरडी राहिली पाहिजे. पिल्लांसाठी कोपऱ्यात फळ्यांचा खोका, आत गोणपाट, आणि जमिनीचा उतार खोक्यापासून लांब.

पहिल्याच दिवशी एक खोट सापडली. व्हॉल्व्ह बंद झाला तरी नळीत उरलेलं पाणी सगळ्यात खालच्या खणात गळत राहतं. तिथली पिल्लं ओली. नळीचा उतार फिरवून टोक मोरीवर नेलं, आणि आतून आपोआप बंद होणारे ड्रिपर मागवले.

५ मे

नवे ड्रिपर लावले. सात नंबर, दुपारी अडीच, हवा ४१, ओला २३. ठिबक चालू व्हायच्या आधी श्वास ८२. तासाभरानं ४४. दोन तासांनी ती उठली, पिण्याच्या नळीच्या निप्पल-तोटीला तोंड लावून भरपूर पाणी प्याली आणि खाद्याकडं गेली. भर दुपारी उठून खाणारी मादी दाजींनी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. दूध पाजणारी मादी दिवसाला वीस-तीस लिटर पाणी पिते. पिण्याच्या नळीतलं पाणी उन्हानं तापलं तर पिणं कमी होतं, म्हणून तीही नळी आजच जमिनीत गाडली.

खाद्याच्या वेळा बदलल्या: पहाटे पाच आणि रात्री नऊ. हे दाजींचंच डोकं, माझं नाही.

१३ मे

ड्रिपर तुंबले. बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते घरातल्या बादल्यांवरच्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. ठिबकला देतात तसं आम्लाचं पाणी सोडून साफ केले. ते करताना नळ्या खणाबाहेर काढल्या, जनावराच्या अंगावर थेंबही नको.

बाजाराच्या दिवशी कोणीतरी विचारलं, "इंजिनेर हायत अन् डुकरास्नी आंघोळ घालताय?" वराहपालन म्हटलं की अशी शेरेबाजी ठरलेली. बँकेतही अर्जावरचा शब्द वाचून साहेबांचा चेहरा बदलतो, असं दाजी सांगतात. मांस मात्र पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत जातं.

११ जून

पाऊस लागला. सगळ्यांना वाटलं, सुटलो. हवा ३१ वर आली आणि दाजींनी टायमर बंद केला.

दुपारी सात नंबरचे श्वास मोजले: ६२. थर्मामीटर बघितले: साधा ३१, ओला २७. मे महिन्यात ४१ अंशांत ओला २३ होता. म्हणजे अंगावरून पाणी उडवून गार होण्याच्या दृष्टीनं आजची ३१ ची दुपार मेच्या ४१ पेक्षा वाईट. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर ही रोजची गत. तिथलं आगोंद गोवन नावाचं देशी डुक्कर लहान चणीचं आहे. वजनाच्या मानानं कातडी जास्त, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला वावही जास्त. आमच्या यॉर्कशायरच्या अडीच-तीनशे किलोच्या माद्यांना ती सोय नाही.

टायमर परत चालू केला, पण बंदचा वेळ वाढवून ४० मिनिटं. वाळतच नाही तर वरून आणखी ओतून उपयोग काय? पंखे मात्र सतत. आता पाण्यापेक्षा वाऱ्याची किंमत जास्त, म्हणून पंख्यांसाठी इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं. फॉगरचा संच दुकानदार अर्ध्या किमतीत परत घ्यायला तयार आहे.

१४ जून

शेडच्या दारावर नवा तक्ता लावला. शेड सांभाळणाऱ्या मावशींना टायमर नको, आकडे चालतात. ओला थर्मामीटर २४ च्या खाली: बंद २० मिनिटं. २४ ते २६: बंद ३० मिनिटं. २६ च्या वर: बंद ४० मिनिटं, पडदे पूर्ण वर, पंखे पूर्ण वेगात. साधा २५ च्या खाली गेला की पाणी पूर्ण बंद, रात्री तर नक्कीच.

मावशींनी तक्ता बघून एकच विचारलं, बाटलीतलं पाणी संपलं तर ओला थर्मामीटर खोटं बोलेल की नाही. बोलेल. बाटली रोज सकाळी भरायची, हेही तक्त्यावर लिहिलं.

राहिलेलं काम नराच्या खणाचं. तो एकटा टोकाला असल्यानं सगळ्यांच्या शेवटी राहिला, आणि त्याचा हिशेब सगळ्यांत उशिरा निघणार. नराला उकाड्याचा ताप झाला की वीर्यावरचा परिणाम नंतरचे पाच-सहा आठवडे राहतो, कारण शुक्रजंतू तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो. मेच्या शेवटाचा उकाडा जुलैच्या पहिल्या आठवड्यात माद्या भरवताना दिसेल. या वर्षी तोवर माद्या दुसरीकडच्या नराकडं न्यायच्या किंवा कृत्रिम रेतन करायचं, यावर दाजींचं ठरत नाहीये. नराच्या खणासाठी वेगळा व्हॉल्व्ह आणि दोन तोट्या आजच सांगून ठेवल्या.